उजवे अंग लुळे पडले की वाचा का जाते?

मानसशास्त्र घेतलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी एक धक्का बसतो. स्वप्ने, भावना, स्वभाव, प्रेरणा यांविषयी काही वाचावयास मिळेल या आशेने तो पुस्तक उघडतो आणि समोर ‘वर्तनाचे जैविक अधिष्ठान’ हे प्रकरण उभे राहते. मेंदूच्या उभ्या-आडव्या छेदांची चित्रे, त्यांतून निघालेले बाण आणि बाणांच्या टोकाला जीभ अडखळावी अशी नावे. आमच्या वर्गातील पुष्कळांनी हे प्रकरण सरळ ‘ऑप्शनला’ टाकले. मला मात्र त्यात एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रश्न असा. गेल्या काही वर्षांत आमच्या गावात दोन माणसांना अर्धांगवायूचा झटका आला. एक माझे चुलत आजोबा. त्यांचे उजवे अंग गेले आणि त्याबरोबर बोलणेही गेले. दुसऱ्या आमच्या आळीतील एक आजी. त्यांचे डावे अंग गेले, पण तोंडाचा पट्टा पूर्वीसारखाच चालू राहिला. गावाने निकाल दिला की आजोबांचा झटका मोठा आणि आजींचा लहान. वास्तविक दोघांचेही हात सारखेच लुळे पडले होते. मग उजव्या हाताचा आणि जिभेचा असा काय संबंध, की एक गेला की दुसरी जावी? झटका किती मोठा, याला महत्त्व आहेच. पण तो कोठे बसला याला कित्येकदा त्याहून अधिक महत्त्व असते. मज्जासंस्थेच्या रचनेचा अभ्यास हा मुख्यतः या ‘कोठे’चा अभ्यास आहे. तेव्हा तोच धागा धरून चालू.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या बोलण्यात ‘शीर’ हा एकच शब्द तीन कामे करतो. रक्त वाहते ती शीर, मान अवघडली की आखडते ती शीर, आणि कमरेत दबते तीही शीर. पहिली रक्तवाहिनी, दुसरी बहुधा स्नायू किंवा त्याची दोरी, आणि तिसरी मात्र खरा मज्जातंतू. यात आपल्या अडाणीपणाचा भाग नाही. ग्रीक भाषेतही ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ स्नायूची दोरी असाच होता. ‘मज्जा’ या शब्दाचीही तीच गत. आयुर्वेदाच्या सप्तधातूंपैकी मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतील मऊ पदार्थ. पाठीच्या कण्याच्या पोकळीत जी मऊ दोरी असते ती हाडातील मज्जेसारखी दिसते, म्हणून ती मज्जारज्जू आणि सगळी व्यवस्था ती मज्जासंस्था. प्रत्यक्षात या दोन मज्जांचा एकमेकींशी काही संबंध नाही. शालेय पुस्तकांत आता ‘चेतासंस्था’ हा अधिक अचूक शब्द आला आहे. मी आमच्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांच्या सवयीने ‘मज्जासंस्था’च म्हणणार आहे.

या संस्थेचा घटक म्हणजे मज्जापेशी. तिला एक पेशीकाय, त्यातून फुटलेल्या झाडाच्या डहाळ्यांसारख्या वृक्षिका आणि एक लांब शेपूट, म्हणजे अक्षतंतू, असतो. संदेश वृक्षिकांतून आत येतो आणि अक्षतंतूतून बाहेर जातो. कमरेच्या पातळीवरील मज्जारज्जूतून निघून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. पेशी डोळ्यांना दिसत नाही आणि तिचे शेपूट मात्र आपल्या पायाएवढे!

या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात की वेगळ्या, यावर गेल्या शतकापूर्वी मोठे भांडण झाले. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी एका लहान इस्पितळाच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटून १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याची युक्ती शोधली. तिची गंमत अशी की ती हजारो पेशींतून थोड्याच पेशी रंगवते, पण ज्या रंगवते त्या टोकापर्यंत काळ्याभोर. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता डाग दिसला असता. गोल्जींना त्या चित्रात एकसंध जाळे दिसले. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ मध्ये हीच पद्धत पाहिली, ती सुधारली आणि पुढच्या वर्षी पक्ष्यांच्या लहान मेंदूचा अभ्यास करून उलट निष्कर्ष काढला: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती शेजारणीला भिडते पण मिसळत नाही. काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते आणि वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळविले. त्यांनी हाताने काढलेली मज्जापेशींची चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले आणि गोल्जींनी पारितोषिकाच्या भाषणातही काहालांच्या मताचे खंडनच केले! एकाच पद्धतीने रंगविलेल्या पेशी पाहून दोन थोर माणसांनी दोन विरुद्ध गोष्टी पाहाव्यात, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मेंदूइतकेच विचार करावयास लावणारे आहे.

काहाल बरोबर ठरले. दोन पेशींच्या मध्ये जी फट असते तिला ‘सिनॅप्स’ हे नाव शेरिंग्टन यांच्या लेखनातून १८९७ साली रूढ झाले, आणि ती फट प्रत्यक्ष दिसली १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. ती एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी अरुंद असते. पेशीतून विजेच्या रूपाने धावत आलेला संदेश बहुतेक ठिकाणी ही फट रसायनाच्या होडीतून ओलांडतो. मनावर परिणाम करणारी बहुतेक औषधे, आणि दारू-गांजासुद्धा, याच धक्क्यावर काम करतात.

संदेशाचा वेगही सगळीकडे सारखा नसतो. मेदाचे वेष्टण असलेल्या जाड तंतूंतून तो सेकंदाला शंभर मीटरहून अधिक धावतो, तर वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंतून जेमतेम एक-दोन मीटर. शेताच्या बांधावर पायाला ठेच लागली की याची प्रचिती येते. प्रथम ठेच लागल्याचे कळते, लगेच एक तीक्ष्ण चमक येते, आणि आपण ‘आई गं’ म्हणून खाली बसेपर्यंत मागून ती ठणकणारी, जीव कासावीस करणारी कळ येते. घटना एकच, पण तिच्या वार्ता वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या वेळी पोचतात.

आता मोठी रचना पाहू. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या नसांची ती परिघीय मज्जासंस्था: मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१. तिसरी स्वायत्त मज्जासंस्था हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार आपल्याला न विचारता पाहते. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका हाती येताना तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात आणि छाती धडधडते, ते तिच्या अनुकंपी शाखेचे काम. घरी जाऊन जेवल्यावर जी सुस्ती येते तीत परानुकंपी शाखेचा हात असतो. या विषयावर वर्गात पुरेसे सांगितले जाते, म्हणून येथे एवढेच.

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. कण्याच्या तळापर्यंत तो जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. पाठीतले पाणी काढताना डॉक्टर सुई त्याच्या खाली टोचतात, ती याच कारणाने. लोक मात्र ‘पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो’ या भीतीने तपासणी टाळतात. प्रत्येक पातळीवर रज्जूला दोन्ही बाजूंना दोन-दोन मुळे फुटतात. पुढच्या मुळातून हालचालीचे हुकूम बाहेर जातात आणि मागच्या मुळातून स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या वार्ता आत येतात. इंग्लंडमधील चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये याची सुरुवात केली आणि फ्रान्समधील माझांदी यांनी १८२२ मध्ये दोन्ही मुळांची कामे स्पष्ट केली. जाण्याचा दरवाजा निराळा, येण्याचा निराळा, ही शिस्त पुढेही जागोजागी दिसते.

आता मेंदूतून हातापर्यंत हुकूम कसा जातो ते पाहू, कारण अर्धांगवायूचे सगळे मर्म येथे आहे. सर्वांत थेट वाटेवर दोनच पेशी असतात. पहिली मोठ्या मेंदूच्या सालीत बसलेली. तिचे शेपूट मेंदूच्या गाभ्यातून, मस्तिष्कस्तंभातून खाली मज्जारज्जूत उतरते. दुसरी पेशी मज्जारज्जूच्या पुढच्या भागात बसलेली. तिचे शेपूट नसेतून थेट स्नायूला जाते. पहिली वरिष्ठ, दुसरी प्रत्यक्ष काम करून घेणारी.

आमच्या पिढीने पोलिओ फारसा पाहिला नाही. त्याचा भारतातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण पोलिओने पाय गेलेली मोठ्या वयाची माणसे गावोगाव आहेत. त्यांचा पाय पाहावा: बारीक, सैल, लोंबता. आता जुन्या अर्धांगवायूच्या रोग्याचा हात पाहावा: कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, ताठ, ओढून सरळ करू गेल्यास विरोध करणारा. दोघांनाही आपण ‘लुळे’ म्हणतो, पण हे दोन लुळेपण एक नव्हेत. पोलिओचा विषाणू दुसरी पेशी मारतो. स्नायूचा धनीच गेल्यावर तो वाळतो. अर्धांगवायूत पहिली पेशी तुटते आणि दुसरी जिवंत राहते. आरंभीचे काही दिवस हात सैल असतो. पण पुढे वरून आवर घालणारे कोणी न उरल्यामुळे दुसरी पेशी आपल्याच मज्जारज्जूच्या तालावर स्नायू आवळून धरते. डॉक्टर गुडघ्याखाली लहान हातोडी मारून पाय किती उडतो ते पाहतात. पोलिओच्या पायात तो उडतच नाही, अर्धांगवायूच्या पायात वाजवीपेक्षा जास्त उडतो. एका हातोडीने बिघाड वर की खाली ते सांगता येते. मला स्वतःला या प्रकरणातील हा भाग सर्वांत सुंदर वाटला.

पहिल्या पेशीच्या शेपटांची आणखी एक विशेषता आहे. मस्तिष्कस्तंभाच्या अगदी खालच्या टोकाशी ही शेपटे एकमेकींना ओलांडतात. शेकडा ८० ते ९० तंतू डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जातात. म्हणून मेंदूचा डावा अर्ध उजवे अंग हलवितो आणि उजवा अर्ध डावे. लहान मेंदू मात्र या उलटापालटीला अपवाद: त्याचा उजवा भाग उजव्याच अंगाचा तोल सांभाळतो. दारू चढलेला माणूस पाय फाकवून झोकांड्या खात चालतो, तेव्हा त्याचा लहान मेंदू झिंगलेला असतो. आकाराने लहान असला तरी यात पेशींची गर्दी विलक्षण आहे. ब्राझीलमधील संशोधिका सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली. तीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात, आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. ज्या मोठ्या मेंदूचा आपण एवढा अभिमान बाळगतो त्याच्या सालीत केवळ १६ अब्ज.

तर आजोबांचे उजवे अंग गेले याचा अर्थ त्यांच्या मेंदूची डावी बाजू दुखावली. आता वाचेचा प्रश्न.

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिसजवळील बिसेत्र इस्पितळात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा एक रोगी पॉल ब्रोका या शल्यविशारदासमोर आणण्यात आला. तो वीसहून अधिक वर्षे त्याच इस्पितळात होता. काहीही विचारले तरी ‘तां, तां’ एवढेच त्याच्या तोंडून निघे, म्हणून इस्पितळात त्याचे नावच ‘तां’ पडले होते. त्याला बोललेले समजे. संख्येचे उत्तर तो डाव्या हाताच्या बोटांनी देई. त्याचे उजवे अंग लुळे पडलेले होते. आणि चिडला की एक शिवी मात्र त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे! ब्रोकांकडे आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धात, कपाळामागील भागाच्या खालच्या बाजूस, ब्रोकांना मोठी जखम आढळली. पुढे आणखी रोगी पाहून १८६५ मध्ये त्यांनी जाहीर केले की बोलण्याचे केंद्र डाव्या अर्धात आहे. ब्रोकांनी लबोर्न्यचा मेंदू न कापता जपून ठेवला. त्यामुळे २००७ साली एमआरआय यंत्राने त्याची तपासणी करता आली आणि जखम ब्रोकांना दिसली त्याहून पुष्कळ खोल गेलेली आढळली. बोलणे एका ठिपक्यात राहत नाही, अनेक जागा व त्यांना जोडणाऱ्या तंतूंवर ते उभे असते, असे आज मानतात.

या कथेत एक उपकथा आहे. दक्षिण फ्रान्समधील एका लहान गावी वैद्यकी करणारे मार्क डाक्स यांनी आपल्या रोग्यांचे निरीक्षण करून लिहून ठेवले होते की वाचा जाते ती डाव्या अर्धाच्या बिघाडाने. ते टिपण १८३६ सालचे, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. छापून मात्र ते १८६५ मध्ये आले, तोपर्यंत डाक्स वारले होते. ‘उजवे अंग आणि वाचा’ ही जोडी पॅरिसच्या आधी एका खेड्यातील वैद्याच्या नजरेस आली होती, याचे मला फार अप्रूप वाटते. निरीक्षणाला राजधानी लागत नाही. छापखाना मात्र लागतो.

१८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरांनी दुसरा प्रकार दाखवून दिला. यातील रोगी भराभर बोलतो, वाक्यांचा चढउतारही ठीक असतो, पण शब्द भलतेच. आणि त्याला दुसऱ्याचे बोलणे समजत नाही. जखम डाव्याच अर्धात, पण मागे, कानामागच्या भागात. अशा रोग्याला बहुधा लकवा नसतो, त्यामुळे घरच्यांना वाटते की याला भ्रम झाला किंवा बाहेरचे काही लागले. लुळा माणूस दवाखान्यात जातो, हा मात्र देवऋष्याकडे जातो. वस्तुतः दोघांचा रोग एकच, केवळ जागा चार बोटे मागे.

उजव्या हाताने लिहिणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांत भाषा डाव्या अर्धात असते. डावखोऱ्यांतही सुमारे ७० जणांत ती डावीकडेच असते. तेव्हा जिभेला उजव्या हाताचा लळा आहे असे नव्हे. हात हलविणारी जागा आणि भाषेची जागा मेंदूच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी आहेत आणि दोघींना रक्त पुरविणारी धमनीही एकच. तिला मधली मस्तिष्क धमनी म्हणतात. एका पाटाच्या पाण्यावर दोन वावरे असावीत आणि पाट फुटला की दोन्ही वाळावीत, तसे हे आहे. एवढेच नव्हे, तर आजोबा काठी घेऊन पाय ओढत चालू लागले, पण हात तसाच राहिला, याचेही उत्तर येथेच मिळते. वाइल्डर पेनफिल्ड यांनी कॅनडात शुद्धीवर असलेल्या रोग्यांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून १९३७ मध्ये सालीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात चेहरा आणि हात मेंदूच्या बाहेरच्या कडेवर पसरलेले आहेत आणि पाय दोन अर्धांच्या मधल्या खाचेत उतरलेला आहे. त्या खाचेला पुढची, निराळी धमनी पाणी पाजते. मधल्या धमनीचा पाट फुटला तरी पायाचे वावर बरेचसे ओले राहते.

आता आळीतील आजींकडे वळू. त्यांची उजवी बाजू दुखावली, म्हणून वाचा वाचली. पण ‘लहान झटका’ म्हणून ज्याला गाव हसत होते त्यात एक वेगळेच नुकसान लपलेले होते. जेवताना त्या ताटाच्या डाव्या बाजूच्या पदार्थांना हातच लावीत नसत. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात आणि भाजी उजवीकडे. आजींची भाजी संपे आणि चटणी जशीच्या तशी राही. सून म्हणे, ‘आत्याबाईंना आताशा माझ्या हातची चटणी नको झाली आहे.’ आजींची नजर शाबूत होती. उजव्या अर्धाच्या मागच्या बाजूला दुखापत झाली की रोग्याला डावीकडचे जगच जाणवेनासे होते. कित्येकदा आपला डावा हात आपला आहे हेही तो नाकारतो. मेंदूशास्त्राच्या पुस्तकांत अर्धे जेवलेल्या ताटाचे उदाहरण नेहमी देतात. ते वाचल्यावर मी त्या घरी जाऊन ताट अर्धे फिरवून पाहण्यास सांगितले. चटणी संपली. सासू-सुनेचा एक तंटाही मिटला.

‘तोंड वाकडे झाले’ या एका तक्रारीबद्दल मात्र प्रत्येकाने थोडे शरीरशास्त्र जाणून घ्यावे असे मला वाटते. चेहरा हलविणारी सातवी नस मस्तिष्कस्तंभातून निघते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतात, गालाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध अर्धाकडून. त्यामुळे बिघाड मेंदूत असेल तर तोंड वाकडे होते पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. नसच सुजली असेल तर त्या बाजूच्या कपाळावर आठी उमटत नाही आणि डोळाही मिटत नाही. या दुसऱ्या विकाराला वर उल्लेखिलेल्या चार्ल्स बेल यांचेच नाव आहे आणि त्यातून बहुतेक रोगी बरे होतात. आमच्याकडे कोणाचेही तोंड वाकडे झाले की पारव्याचे रक्त चोळतात. बेलच्या विकारात रोगी आपोआपच बरा होतो आणि श्रेय पारव्याला मिळते. मग पुढच्या वेळी खरा अर्धांगवायू झालेल्या माणसासाठीही लोक आधी पारवाच शोधू लागतात. माझ्या मते पारव्याचे रक्त स्वतः निरुपद्रवी असले तरी ते शोधण्यात जाणारा वेळ घातक आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही मेंदूचा स्कॅन करून गुठळीच आहे, रक्तस्राव नाही, याची खात्री केल्यावरच, कारण रक्तस्रावात तेच औषध जीव घेईल. मोठी धमनी तुंबली असता उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला आहे. आजोबांना तालुक्याच्या गावी नेले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. तोंड, हात किंवा बोलणे यांपैकी एकही एकाएकी बिघडले तर कपाळाच्या आठ्या मोजत न बसता आधी मोठा दवाखाना गाठावा. आठ्यांचा अर्थ तेथील डॉक्टर लावतील.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आजोबांना स्वतःच्या मुलाचे नाव उच्चारता येत नाही. पाणी हवे असेल तर ते तांब्याकडे बोट दाखवितात. पण संध्याकाळी देवळात हरिपाठ सुरू झाला की त्यांच्या तोंडून शब्द येतात, चालीसकट आणि पुष्कळसे शुद्ध. गावात याला पांडुरंगाची कृपा म्हणतात, आणि घरातील काही जण, बोलता येत असून मुद्दाम बोलत नाहीत, असेही म्हणतात. पहिल्या मताशी माझे भांडण नाही. दुसरे मात्र आजोबांवर अन्याय करणारे आहे. लबोर्न्यलाही शिवी येत होती. नवीन वाक्य जुळविणे आणि वर्षानुवर्षे घोटलेले, चालीत बसलेले शब्द बाहेर येणे या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या क्रिया आहेत. पहिली डाव्या अर्धातील भाषेच्या जागांवर फार अवलंबून असते; दुसरीला चाल, ताल, सवय यांच्या इतर वाटा, आणि त्यांत उजव्या अर्धाच्याही, उपलब्ध असतात. याचाच उपयोग करून अमेरिकेत १९७३ साली एक उपचारपद्धती पुढे आली. तीत रोग्याला साधी वाक्ये, ‘पाणी दे’, ‘मला भूक लागली’ अशी, सुरावर म्हणावयास शिकवितात आणि प्रत्येक अक्षराबरोबर त्याच्या डाव्या हाताने ताल धरवितात. मग हळूहळू सूर काढून घेतात. सर्वांनाच तिचा सारखा गुण येत नाही. ज्यांना समजते पण बोलता येत नाही अशांना अधिक येतो. आजोबांचा डावा हात चांगला आहे, आणि त्या हाताने ते मांडीवर ठेका अजूनही अचूक धरतात.